ऑर्लेआंचा नियम आणि शरफुन्निसा

रियाध, मार्च १९९१

प्रिय निवेदिता,

आधी एवढं वाच, मग बाकीचं: आम्ही नवरा-बायको दोघंही सुखरूप आहोत. युद्ध संपलं. खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या काल ओरबाडून काढल्या. काचांवर डाग राहिलेत, पण त्यातून ऊन आत आलं तेव्हा मी वेड्यासारखी हसत सुटले. भोंगे वाजले की विषारी वायूच्या भीतीनं बंद खोलीत नाकावर ओला टॉवेल धरून बसायचं, एवढंच आयुष्य उरलं होतं.

त्या खोलीत मला आपला एम.ए.चा पेपर आठवायचा. फ्रँक राजे, त्यांचे बिशप आणि आपली भांडणं! सहाव्या शतकात ऑर्लेआंच्या धर्मसभेनं ठरवलं होतं ना, की पळालेला गुलाम चर्चमध्ये शिरला तर त्याला ओढून न्यायचं नाही; मालकानं आधी क्षमेची शपथ घ्यायची, मगच गुलाम परत द्यायचा. मी म्हणायचे, तलवारीपुढे एवढा आडोसा तरी होता. तू फणकारायचीस, शेवटी परत मालकाकडेच ना! हर्षवर्धनला मी हे सगळं सांगितलं, तुझ्या बाजूसकट. तेवढाच वेळ जायचा.

आमच्या पलीकडच्या बंगल्यात उदगीरची शरफुन्निसा कामाला होती. क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर घरची मंडळी जेद्दाला गेली, हिला बाहेरून कुलूप घालून. एका स्फोटानं खिडकी फुटली आणि ती त्यातून निसटली. सकाळी दार उघडलं तर समोर उभी, पाय रक्तानं माखलेले. “बाजी, मेरेकू अंदर लेव,” एवढंच बोलली. हर्षवर्धन घाबरला. “अगं, हिच्या कफीलला कळलं तर आपला इकामा जाईल!” खोटं नव्हतं ते; कफील म्हणजे तिला इथं कामाला आणणारा मालक, आणि इकामा गेला की इथं राहायचा परवानाच गेला. पण असं म्हणत म्हणतच त्यानं तिच्या टाचेतली काच चिमट्यानं काढली.

गेल्या आठवड्यात तो म्हातारा कफील परतला. कुणीतरी सांगितलं असावं, थेट आमच्याकडे आला. मी आत तिचा हात घट्ट धरून बसले. हर्षवर्धन दारातून हलला नाही. मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, “तिला मारणार नाही, अडवणार नाही, अशी शपथ घ्या.” म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला. म्हणाला, “वल्लाह,” अल्लाची शपथ. मला वाटलं, आता हर्षवर्धन बाजूला होणार, ऑर्लेआंचा नियम तिथंच संपत होता. तर हा म्हणाला, “आता तिचा पासपोर्ट आणा. तोवर ती इथंच राहील.” तुझी बाजू याला पटली होती, हे मला तेव्हा कळलं!

म्हातारा तसाच निघून गेला; आम्हाला वाटलं, आता पोलिस येणार. दोन दिवसांनी आला तो म्हाताराच, पासपोर्ट घेऊन, त्यावर देश सोडायच्या परवानगीचा शिक्का मारून. “खलास,” म्हणाला, म्हणजे झालं, संपलं. जाताना तिच्या पायांकडे पाहून क्षणभर घुटमळला. त्या दुपारी आम्ही तिघं पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो.

आता खरं काम. हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई शरफुन्निसाच आहे. इथल्या बत्हा भागातल्या बाजारात तिच्या गावचा एक ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, तिच्या आईनं ही युद्धात गेली असंच धरलंय. मेलेल्यांसाठी पढतात तो फातिहासुद्धा पढून झाला. तिला एकटीला अचानक त्या दारात उभी करू नकोस. एवढा आनंद म्हातारीला झेपायचा नाही. तू उदगीरपर्यंत बरोबर जा, हिला जरा मागे थांबव, आणि आधी तू जाऊन आईजवळ बस.

तुझीच,
रेवा