हातावरचा पंधरवडा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण चांगलं आहे. नोकरी लागली. फोनवर सांगितलं असतं तर ही किती दिवस टिकणार असं तू विचारलं असतंस आणि पाचव्या मिनिटाला आपण हमरीतुमरीवर आलो असतो. त्यापेक्षा बाबांनी लावलेली पत्रांची सवय बरी.

दुकान वापरलेल्या भारी घड्याळांचं आणि नामांकित कारागिरांनी घडवलेल्या दागिन्यांचं आहे. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे माझा डावा गुडघा रोज माझ्या नावाने बोटं मोडतो. माल आला की नंबर कागदांशी जुळवायचा, पट्टा किती सैल झालाय ते बघायचं, कडा घासून पुन्हा चकाकवल्या आहेत का ते भिंगाखाली पाहायचं, हे माझं काम. गिऱ्हाइकं मोठी गमतीची असतात. नवं घड्याळ घेणारा माणूस हमी किती वर्षांची ते विचारतो. जुनं घेणारा इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, आधी कुणाचं होतं.

दुरुस्तीच्या टेबलावर एक म्हातारे कारागीर आहेत. डोळ्याला कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. हाताच्या हालचालीवर आपली आपण चावी भरणारी घड्याळं किमतीची चिठ्ठी लागण्याआधी कुणीतरी हातात घालून चालवून बघावी लागतात. यंत्र एक सांगतं आणि हात दुसरंच, असं काकांचं म्हणणं. तर तो हात आता माझा. पंधरा दिवस घालायचं, पंधराव्या दिवशी संध्याकाळी काढायचं आणि पूर्ण बंद पडू द्यायचं. सोळावा दिवस उजाडू द्यायचा नाही. पंधरा दिवसांत घड्याळ माणसाची सवय घेतं आणि नंतर माणूस घड्याळाची, असं ते म्हणतात. माझ्या आधी या खुर्चीवर बसणारा एकदा काढायला विसरला, तर म्हणे एका अनोळखी घराच्या दाराला रोज आपली किल्ली लावून बघायला लागला. नव्या माणसाला घाबरवायच्या गोष्टी, दुसरं काय.

बाबांचं घड्याळ तुझ्या कपाटात पडून आहे ना? पाठवून दे, साफ करून ठेवतो. तब्येत सांभाळ आणि या उनाडावर माया राहू दे.

तुझा,
धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नोकरीचं वाचून बरं वाटलं. किती दिवस टिकणार ते विचारत नाही, बघ. गुडघ्याला रात्री शेक दे.

माझं दातांच्या प्रयोगशाळेतलं काम नेहमीसारखं चालू आहे. समोरच्या फळीवर दीडशे माणसांचे प्लास्टरचे जबडे मांडलेले आहेत, प्रत्येकाखाली चिठ्ठी. एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. टोचते म्हणतात. मला वाटतं त्यांना बोलायला कुणी नाही, म्हणून टोचते. वापरलेली कवळी कुणी विकत घेत नाही, एवढं तरी माझ्या धंद्याचं बरं आहे.

आता खरं सांगते. बाबांचं घड्याळ कपाटात नाही. ते गेले त्याच वर्षी मी विकून टाकलं. त्यांच्या छापखान्याने निवृत्तीच्या वेळी मोठ्या मानाने दिलेलं, आणि मी एका दलालाच्या हातावर ठेवून आले. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

आई गेली त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते तू ऐकलं होतंस. छापातली चूक कोसभरावरून दिसते आणि बायकोचा आजार दिसला नाही, असं म्हणाले होते मी. नंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. मग मी चार पानांचं पत्र पाठवलं. तुला त्यांची खोड माहीत आहे. आपलं प्रत्येक पत्र ते लाल शाईने तपासून, फालतू शब्द खोडून परत पाठवायचे. ते पत्र परत आलं नाही. बाराव्या दिवशी ते गेल्याचा निरोप आला. त्यांचं टेबल मी तीनदा उपसलं. त्यांनी ते वाचलं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. घड्याळ घातलं की ते हातावर चालायचं आणि मला ते सहन व्हायचं नाही, म्हणून विकलं.

तुमच्या दुकानात कधी आलंच, तर मला कळव. रागावू नकोस.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो होतो, म्हणून दोन आठवडे गप्प बसलो. आता राग गेला. का ते पुढे लिहितो.

आधी एक गंमत. मागच्या महिन्यात एका भूलतज्ज्ञाचं घड्याळ माझ्या हातात होतं. सातव्या-आठव्या दिवसापासून मी कोपरापर्यंत हात धुवायला लागलो, आणि समोरच्याशी बोलताना मनातल्या मनात त्याचे श्वास मोजायचो. घड्याळ काढून बंद पडू दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं गेलं. काकांना सांगितलं तर त्यांनी भिंगातून वरसुद्धा पाहिलं नाही. दागिन्यांचं असं होत नाही म्हणाले. अंगठी नुसती बसून असते, हे हातावर जगतं.

परवा एका व्यापाऱ्याकडून अकरा घड्याळांचा ट्रे आला. सातव्याच्या पट्ट्याच्या कडीत लाल शाई सुकलेली होती. काकांनी मागचं झाकण उघडलं. दुरुस्ती करणारा प्रत्येक जण आतल्या बाजूला आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो. त्यात बाबांच्या गल्लीतल्या त्या बोबड्या घड्याळजीचा त्रिकोण सापडला, चार वेळा. ताई, आपलंच आहे.

मालकांशी बोलून ते बाजूला ठेवून घेतलंय. पण नियम तो नियम, पंधरा दिवस चालवून बघायचंच. आज सकाळी घातलं. घालताना उजव्या हातात घातलं. बाबा डावरे, म्हणून ते उजव्या हातात घालायचे. मी का घातलं ते ठाऊक नाही.

माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझा,
धाकटा

८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तुझं बारा फेब्रुवारीचं पत्र परत पाठवतोय. उघडून बघ. काल संध्याकाळी मी खुर्चीत बसलो होतो, आणि भानावर आलो तेव्हा ते असं झालं होतं. आजोबांच्या कवळीचा परिच्छेद पूर्ण खोडलाय. समासात त्या बारीक, मागे झुकलेल्या अक्षरात लिहिलंय, मुद्द्यावर यावे. माझ्या घरात लाल पेन नव्हतं. खिशात पावती सापडली. मी ते विकत घेतलं होतं.

गुडघा दुखायचा थांबला, हे एक बरं. पण बाकी मला आवडत नाही. चहा डाव्या हाताने ढवळतो. आज सकाळी स्वतःच्या घराचा मजला आठवायला जिन्यात उभं राहावं लागलं. काल मालकांनी हाक मारली ती दोनदा ऐकू आली, पण ती मला असेल असं वाटलं नाही.

पंधरवडा सोळा तारखेला संपतो. मला आजच काढावंसं वाटतंय. पण मग वाटतं, हे तुझ्यासाठीही आहे, तुझं काही विचारायचं राहिलंय. म्हणून तुला विचारतो. काढू का? तू काढ म्हण, मी काढतो. लहानपणी भिंतीवरून उडी मारायच्या आधी मी तुलाच विचारायचो, तसंच समज.

लवकर लिही.

तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र उघडलं आणि हातातलं काम खाली पडलं. मेणाचे दात सगळ्या फरशीवर. ते अक्षर तू काढलेलं नाहीस. तुला दोन ओळी सरळ लिहिता येत नाहीत.

मला भीती वाटते. तुझी काळजी वाटते, खरंच. पण तू अजून सोळा तारखेच्या आत आहेस, आणि काकांचा नियम इतकी वर्षं चालत आलाय म्हणजे त्यात काही तथ्य असणार. तेवढे दिवस काढ. जेवणखाण वेळेवर कर. घराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेव.

आणि संध्याकाळी खुर्चीत बसशील तेव्हा समोर कागद ठेव. वर एवढंच लिही, थोरलीचं चार पानी पत्र मिळालं होतं का. बाकी काही लिहू नकोस.

तुझी,
ताई

१४ मार्च

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं होतं. चार पानं. पहिली तीन खोडली, त्यांत हवापाणी होतं. चौथ्या पानावर वाक्य होतं, कदाचित माझं चुकलं असेल. त्यातले ‘कदाचित’ आणि ‘असेल’ काढले. वाक्य बरं झालं. मग पुन्हा वाचलं आणि ध्यानात आलं की ते वाक्य मी लिहायला हवं होतं.

पत्र परत पाठवायचं म्हणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. कोट तुम्ही देऊन टाकलात. टेबल उपसून काय मिळणार.

उत्तर लिहायला घेतलं होतं. तुझ्या आईच्या शेवटच्या महिन्यातली एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तिनेच मला ती सांगू दिली नव्हती. ती तुला कळली पाहिजे. लिहितो आहे, पण हा हात उजवा, वळायला वेळ लागतो. दोन दिवसांत होणार नाही.

प्रकृतीस जपावे.

तुझे,
बाबा

१५ मार्च

श्रीमती ताईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या भावाच्या दुकानात मी दुरुस्ती करतो. पत्ता त्याच्या पाकिटातून घेतला, माफी असावी. हे पत्र माणसाच्या हाती पाठवतोय, म्हणजे उद्या सकाळी तुम्हाला मिळेल.

उद्या पंधरावा दिवस. काल त्याला आठवण केली तर तो हसला, आणि काम अजून पुरं झालेलं नाही, मुद्द्याचं लिहायचं राहिलंय, असं म्हणाला. भाषा त्याची नव्हती. जबरदस्तीने काढता येत नाही. एकदा करून पाहिलंय, त्यात माणूस अर्धाच परत येतो. ज्याचा शब्द तो मानतो त्याने सांगावं लागतं आणि त्याने आपल्या हाताने काढावं लागतं. अधूनमधून तो तुमच्याबद्दल विचारतो, ताईचं उत्तर आलं का म्हणून. तेवढ्यापुरता तो तोच असतो.

त्याने तुम्हाला माझ्या आधीच्या मदतनिसाची गोष्ट लिहिली असेल, दाराला किल्ली लावणाऱ्याची. तो माझा मुलगा. त्या घरातल्या बाईने शेवटी दार उघडलं. चार वर्षं झाली. रस्त्यात भेटतो, मला अहो-जाहो करतो, खुशाली विचारतो. फार सभ्य वागतो. त्याला सांगणारं कुणी नव्हतं, कारण तेव्हा माझा त्याच्याशी अबोला होता.

खाली दुकानाचा नंबर दिलाय. उद्या सात वाजेपर्यंत मी फोनपाशी बसून आहे. एक शब्द पुरेल.

आपला नम्र,
टेबलावरचा कारागीर

१७ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपलं पत्र पोचलं. ते ‘कदाचित’ आणि ‘असेल’ फक्त मला माहीत होते. मी ते शब्द आजवर कुणापाशी उच्चारलेले नाहीत. पत्र छातीशी धरून मी आई गेल्यापासून रडले नव्हते तेवढी रडले.

काल मी कामावर गेले नाही. फोन समोर ठेवून बसले. दुकानाचा नंबर पाठ झाला. तीनदा शेवटच्या आकड्यापर्यंत गेले. धाकट्याने मला विचारलं होतं, काढू का, आणि मी त्याला जेवणखाणाचा उपदेश केला. तो सहा वर्षांचा असताना भिंतीवर चढून माझ्याकडे बघत उभा राहायचा. मी हो म्हणेपर्यंत हलायचा नाही. हे सगळं काल मला आठवत होतं, आणि तरी सात वाजले, सव्वासात झाले, मग मी उठून दिवा लावला.

माझं चुकलं. बघा, ‘कदाचित’ लिहिलेलं नाही.

आता घड्याळ काढू नका. आईची ती गोष्ट सावकाश लिहा, घाई नाही. हातावर ताण देऊ नका. डाव्या गुडघ्याचं दुखणं गेलं असं वाटलं तरी ते थंडीत उलटतं, तेव्हा तीन मजले दमादमाने चढा. त्याला, म्हणजे तुम्हाला, खारट चालत नाही, लगेच घसा धरतो. घराची किल्ली दोनदा फिरवावी लागते.

हे पत्र नेहमीसारखं तपासून परत पाठवा. मी दारातल्या पेटीकडे बघत असेन. आपली कृपा पूर्वी होती तशी असू द्यावी.

आपली,
थोरली

ता. क. धाकटा अजून जवळपास असेल, तर त्याला माझे आशीर्वाद सांगा.