चिक्की म्हणजे शेंगदाणेच

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ६.
आजपासून साखर बंद. चहा बंद. नाश्त्याला स्मूदी.
रेल्वेच्या डॉक्टरांनी सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं, बाजीराव, साखर बॉर्डरवर आहे. सहा महिन्यांनी परत तपासू. तेव्हा उतरलेली हवी, नाही तर इंजिनावरून तुम्हाला उतरावं लागेल. बॉर्डरवर म्हणजे अजून अलीकडे. चार महिने या वाक्यावर विचार केला. काल तपासणीची तारीख आली, २४ मार्च. म्हणून कामाला लागलो.
स्मूदी का? लॉबीतून, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या ऑफिसातून, ड्यूटीचा फोन कधीही येतो. इंजिन घेऊन घाट उतरायचा, कर्जतला मेल गाडीच्या मागे ते जोडायचं, ढकलत लोणावळ्याला आणायची. बसून पोहे खायला वेळ कुठे. चैतालीने मोबाईलवर दाखवलं. फळं, दूध, मिक्सर, दोन मिनिटं. म्हणाली, पप्पा, एवढं तर तुम्हालाही जमेल.
'तुम्हालाही' हा शब्द मुलीने वापरायला नको होता. आख्खी मेल घाट चढवणारा माणूस आहे मी. मिक्सरला वेगाचे फक्त तीन नॉच आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार.
मिक्सरचं झाकण हाताने दाबून धरावं लागतं. व्हिडिओत हे नव्हतं.
केळी, चिकू, दूध. भिंत, कॅलेंडर, यशोधराची साडी. यशोधरा म्हणाली, अहो, आता पुसायलाही दोनच मिनिटं लागतात का, तेवढं मोबाईलवर बघा. पुसेपर्यंत ड्यूटीचा फोन आला.
उरलेली भांड्यातूनच प्यालो. उत्तम. गोड लागली, पण तो फळाचा गोडवा. फळात साखर नसते.

२९ जानेवारी, बुधवार.
हात बसला. झाकण डाव्या हाताने, बटण उजव्या.
सुधारणा: खजूर (लोह). मध (मध म्हणजे औषध). स्ट्रॉबेरी आंबट निघाली म्हणून मध थोडा वाढवला. ग्लास पुरत नाही, तांब्या घेतो. यशोधराने विचारलं, नाश्ता एकट्याचा आहे की खंडाळ्याच्या सगळ्या माकडांचा. बिनसाखरेचा चहा पिऊन दाखव म्हणावं आधी.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
तहान फार लागते. शरीर साफ होतंय, त्याला पाणी लागतंच. दर थोड्या वेळाने लघवीला जावं लागतं. इंजिनात ती सोय नाही. घाटात गाडी कुठे थांबली की खाली उतरतो. आज उतरलो तेव्हा ओंकार म्हणाला, सर, परत? ओंकार माझा असिस्टंट, कान्ह्याचाच, आमच्या गावचा पोरगा. त्याला सांगितलं, याला डिटॉक्स म्हणतात. त्याने मान हलवली. शिकतोय.

९ फेब्रुवारी, रविवार. कान्हे.
आईकडे आलो. आईने मला उजेडात उभं करून पाहिलं. म्हणाली, बाजी, लय वाळलास. खातोस का न्हाई?
मी म्हणालो, आई, वजन उतरतंय, चांगलं लक्षण आहे.
ती म्हणाली, तुजं आबा बी असंच वाळलं व्हतं. पाण्याचा तांब्या उशाला घिऊन निजायचं. त्याच्या म्होरल्या साली डाक्टरनं त्यांचा पाय काढला.
आबांची गोष्ट वेगळी. ते चहात साखर घ्यायचे.
निघताना तिने माझी चप्पल उलटी करून आतून हात फिरवला. खडा आहे का बघत होती. पन्नाशी उलटली माझी.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
यशोधराने साखर मोजायचं मशीन आणलं. बोटाला सुई टोचली. आकडा आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. बोटाला मध लागलेला होता. तिने साबणाने हात धुवायला लावले आणि पुन्हा टोचलं. दुसरा आकडा पहिल्याहून किंचित कमी. म्हणजे उतरतेय.
हे सांगितल्यावर ती म्हणाली, मशीन खोटं, मी खोटी, तुमचा तो मिक्सर तेवढा खरा. मग आतून भाकरी आणि मेथी आणून समोर ठेवली. ड्यूटीवर जाणारा माणूस मेथी चावत बसत नाही. फोन आला नव्हता, तरी निघालो. लॉबीत दोन तास बसलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
बरोबर एक महिना उरला. कमी कशाची आहे ते शोधून काढलं. प्रोटीन. चैतालीच्या व्हिडिओतला माणूस मूठभर दाणे टाकतो. घरात दाणे नव्हते, पण पाहुण्यांसाठी आणलेली चिक्की होती. लोणावळ्यात राहून दाण्यांसाठी कुठे हिंडायचं? चिक्की म्हणजे शेंगदाणेच. गूळ असतो तो चिकटण्यापुरता.
पहिल्या नॉचवर फुटली नाही. तिसऱ्यावर फुटली. आवाज मोठा झाला, खालचे लोक वर विचारायला आले. चव अशी की यशोधराला हाक मारली. ती आली नाही.

५ मार्च, बुधवार. कर्जत, ड्रायव्हरांची विश्रांतीची रनिंग रूम.
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
सकाळी नुसतं इंजिन घेऊन घाट उतरत होतो. बोगद्यातून बाहेर आलो. पुढे सिग्नल. नियम असा आहे की सिग्नल दिसला की रंग दोघांनी मोठ्याने म्हणायचा, आणि दोघांचा एकच यायला हवा. मी म्हणालो, ग्रीन.
ओंकार काही बोलला नाही.
मी पुन्हा म्हणालो, ग्रीन.
तो म्हणाला, सर, यलो. आणि लगेच, जागेवरून उठून, सर, यलो आहे.
दिवा दिसत होता. रंग पाण्यात धरल्यासारखा हलत होता. ब्रेक लावला. वळणाच्या पुढे लाल होता आणि त्याच्या पलीकडे मालगाडीचा शेवटचा डबा उभा होता. आम्ही लांब थांबलो. पुरेसे लांब. शेवटच्या डब्यावरचा लाल दिवा मला नीट दिसला, हे मुद्दाम नोंदवतो.
तोंड कोरडं पडलं होतं. ओंकारने त्याची बाटली दिली. मी सगळी संपवली. कर्जतला उतरताना मी सांगितलं, ऊन तोंडावर होतं.
तो म्हणाला, सर, ऊन मागे होतं.
चष्म्याची काच पुसायला हवी.

६ मार्च, गुरुवार.
ओंकार सकाळी घरी आला. आत ये म्हटलं तर आला नाही, जिन्यातच उभा राहिला. म्हणाला, बाजीराव सर, मला लेकरू आहे. चोवीस तारखेपर्यंत तुम्ही रजा टाका. नाही तर मला लॉबीत सांगावं लागेल, आणि ते मला सांगायचं नाही.
पोराला खुर्ची हवी आहे. सात वर्षं शेजारी बसवून शिकवलं त्याचं हे फळ.
दुपारी रजा टाकली. त्याच्या सांगण्यावरून नाही. विश्रांती घ्यायचं माझं आधीच ठरलं होतं.

७ मार्च, शुक्रवार.
रजा घरीच घालवायची. आता नाश्त्याला घाई नाही, तरी स्मूदीच करतो. शिस्त मोडायची नाही.
यशोधराने रजेचं कारण विचारलं. सांगितलं, शिल्लक होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ओंकारची बायको आणि ती एकाच बचत गटात आहेत, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

१५ मार्च, शनिवार.
मिक्सर गेला. चिक्की टाकली, तिसरा नॉच दिला, रुळावर घासून सपाट झालेल्या चाकासारखा ठणठण आवाज आला, मग जळका वास, मग काही नाही. पातं वाकलं आहे. हल्ली वस्तू टिकाऊ बनवत नाहीत.
केळं काट्याने कुस्करून पाहिलं, लापशी झाली. शेवटी केळी, खजूर आणि चिक्की वेगवेगळी खाल्ली. पोटात गेल्यावर एकच होतं.
रात्री डाव्या पायाला मुंग्या आल्या. बसून बसून येतात.

२१ मार्च, शुक्रवार.
अंतिम योजना. आजपासून तपासणीपर्यंत फक्त ताक आणि पाणी. शाळेतही मी शेवटच्या तीन दिवसांतच अभ्यास करायचो आणि पास व्हायचो. यशोधरा म्हणाली, तीन दिवसांत घाट चढणार? आधी आपला जिना चढून दाखवा.
संध्याकाळी जिना चढलो. मधल्या मजल्यावर बसावं लागलं. चैताली खाली येत होती. पप्पा, काय झालं? मी म्हणालो, चप्पल नीट करतोय. ती शेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, तो व्हिडिओ मी दाखवायला नको होता. मी म्हणालो, व्हिडिओ चांगला आहे. दाणे टाकायची कल्पना तर फारच चांगली.
ती रडत होती. परीक्षा जवळ आली की मुलं हळवी होतात.

२४ मार्च, सोमवार. दुपारी.
सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, आजची साखर बरीच आटोक्यात दिसतेय. मी उठून शर्टाची बटणं लावू लागलो. ओंकारला काय सांगायचं ते मनात तयार होतं.
डॉक्टर म्हणाले, बसा. हा दुसरा कागद. हा तीन महिन्यांचा.
असा कागद असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्त तीन महिन्यांचं लक्षात ठेवतं. नाश्त्याला काय घेता?
सांगितलं. सगळं सांगितलं, क्रमाने, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. केळी, चिकू, खजूर, मध. शेवटी चिक्की.
ते म्हणाले, चिक्की?
मी म्हणालो, शेंगदाणे.
त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मला खिडकीकडे नेलं, डोळ्यांत औषध घातलं, बराच वेळ आत पाहिलं. पाय काढायला लावले बुटातून. तळव्याला काहीतरी टोचत विचारत होते, कळतंय का, आता कळतंय का. दोनदा मी अंदाजाने हो म्हणालो. त्या दोन्ही वेळा ते टोचत नव्हते.
इंजिनासाठी तात्पुरते अनफिट. तोपर्यंत लॉबीत बसायचं. तीन महिन्यांनी परत.
यशोधरा बाहेर बाकावर होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जिना उतरताना माझ्या आणि कठड्याच्या मधून चालली.

२७ मार्च, गुरुवार.
तात्पुरते. शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे.

११ एप्रिल, शुक्रवार.
लॉबीतलं काम: येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडाशी दारू तपासायची नळी धरायची, फुंका म्हणायचं, विश्रांती झाली का विचारायचं, नोंद करायची. सगळे मला नमस्कार करून फुंकतात.
आज ओंकार आला. नव्या ड्रायव्हरबरोबर. नळी धरली. त्याने फुंकली, मशीनने शून्य दाखवलं. म्हणाला, सर, तब्येत? मी म्हणालो, एकदम. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, सर, बोगद्यानंतरचं ते वळण, तुम्ही हॉर्न कुठून द्यायचात?
त्याला ते माहीत आहे. सात वर्षं शेजारी बसून पाहिलंय त्याने. तरी मी सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.
जयंती. चौकात निळे झेंडे, पहाटेपासून गाणी. गेली कित्येक वर्षं आजच्या दिवशी मी घाटात असायचो. आज घरी आहे. नाश्त्याला भरपूर वेळ आहे.
शेजारून खीर आली. चैतालीने माझ्या समोरची वाटी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.
मिक्सर दुरुस्त होऊन आला. यशोधराने दुधी चिरून भांड्यात टाकला आणि म्हणाली, घ्या, तुमचं खातं. डाव्या हाताने झाकण दाबलं, उजवा बटणावर ठेवला. तेवढ्यात चौकातलं गाणं संपलं आणि घाटाकडून हॉर्न ऐकू आला. पुढच्या इंजिनाचा, लांब. मागच्या, ढकलणाऱ्या इंजिनाने त्याला उत्तर द्यायचं असतं. दिलं नाही तर गाडी हलत नाही.
हात बटणावर तसाच होता. यशोधरा म्हणाली, अहो, चालू करा ना.
मी थांबलो. मग मागच्याने उत्तर दिलं.
पहिला नॉच दिला. दुधी मऊ होता. दोन मिनिटंही लागली नाहीत.