शिंगाच्या धनुष्याचा वारसा

मी, नलिनीबाई श्रीहरी बिरादार, वय एकाहत्तर, राहणार ठाणाकुशनूर, जिल्हा बीदर, हे पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. लिहू नका म्हणणारेच घरात जास्त आहेत.

१. राहते घर व विहिरीकडची जमीन मुलगा धनराज यास. जमीन विकू नये अशी इच्छा आहे, सक्ती नाही. राबणारा तो आहे.

२. शिलाई मशीन शेजारच्या ईरम्मास. तिने माझा एकही ब्लाऊज धड शिवला नाही, तरीही.

३. शिंगाचे धनुष्य. याबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे.

धान्याच्या खोलीत खुंटीला एक वाकडी वस्तू टांगलेली असे. सासरे तिला पालखीचा मोडका दांडा म्हणत. मी तिला कांद्याच्या माळा अडकवीत असे. गेल्या उन्हाळ्यात दीर आप्पाराव यांनी ती सरळ करायला तिच्यावर पाय दिला. तेवढ्यात त्यांची मुलगी विजयश्री आत आली. ती कलबुर्गीला कॉलेजकडून तिरंदाजी खेळते. ती ओरडली, "अप्पा, पाय काढा! मोडायलाय ते!"

"लाकूडच हाय की."

"न्हाई, धनुष्य हाय. दोरी काढली की हे असंच उलटं वळतंय."

तिने कोरड्या फडक्याने काजळी पुसली. पोटाला म्हशीचे काळे शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंच्या तातेचे थर, मध्ये लाकूड, टोकांना दोरीच्या खाचा. कुठे चीर नाही, जोड सुटलेला नाही, हे तिने बोट फिरवून पाहिले. मग बरेच दिवस ती ते दुपारच्या उन्हात ऊब देऊन थोडे थोडे वाकवीत राहिली.

रेशमी दोरी चढवायची त्या दिवशी धनुष्याची मूठ तिच्या गुडघ्याला टेकलेली, एक टोक भावजींच्या हाती, एक माझ्या. "दाबा काकू, हळू." माझ्या हातांखाली ते वळू लागले. निजलेले जनावर उठताना पाठ ताणते, तसे. खाचेत दोरी बसली. तिने एक डोळा मिटून दोरी मधोमध आहे का पाहिले. वरचे टोक जरा कलले होते. दोरी उतरवून, पुन्हा ऊब देऊन तिने ते सरळ केले व दोरी परत चढवली. मग अर्धेच ओढले आणि तसेच सावकाश परत आणले.

भावजींनी टोपी काढली. मी गाणगापूरला दरवर्षी हात जोडते ते काहीतरी मागायला. त्या दुपारी हात आपोआप जुळले आणि मागण्यासारखे काही सुचले नाही.

नंतर भावजी म्हणाले, "वहिनी, घरची वस्तू लेकीच्या सासरी जाईल. धनराजला द्या." धनराजचेही तेच म्हणणे आहे. माझा निर्णय असा: जिने ओळखले, तिचे. धनुष्य विजयश्रीस द्यावे. यावर कोणी वाद घालू नये. घातल्यास तो माझ्या मागे घालावा.

विजयश्रीने ते दोरी उतरवून, कोरड्या जागी ठेवावे. बाणाशिवाय ओढलेली दोरी कधी सोडू नये, धनुष्य मोडते. लग्नकार्यात शोभेला टांगू नये.

४. ज्याने हे धनुष्य घडवले त्याचे नाव आम्ही ते उजेडात धरून, उलटसुलट करून पुष्कळ शोधले. कुठेच नाही. एवढे करून तो माणूस नाव न घालता गेला. मी चार ओळी लिहून खाली सही करते आहे, तर हात अडखळतो.

सही: नलिनीबाई श्रीहरी बिरादार

साक्षीदार: संगमेश पाटील, निर्णा
साक्षीदार: गुरुबाई मेत्रे, ठाणाकुशनूर

ठिकाण: ठाणाकुशनूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५