गोखळमाळ स्टेशनचे राहिलेले पान

मी, मानसिंग ज्ञानदेव गावडे, वय ७५, निवृत्त पॉइंट्समन, राहणार गोखळमाळ, तालुका बारामती, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. दिवाळी दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून घाई.

१. राहते दोन खोल्यांचे घर माझी एकुलती मुलगी सोनम हिला. पुढच्या खोलीत मोबाईलचे दुकान काढायचा बेत जावईबापूंनी आत्ताच सोडावा.

२. कंदील आणि शिट्टी सोनमकडेच राहू दे. हिरवा झेंडा मात्र माझ्याबरोबर जाळावा.

३. गोखळमाळ स्टेशनचा मी लिहिलेला इतिहास, दोनशे पानी वही, गावच्या शाळेला. स्टेशनची कौलारू इमारत येत्या सोमवारी पाडणार आहेत. मागे एवढेच उरेल. छोटी गाडी होती तेव्हा इथून गुळाच्या ढेपा गेल्या, सासरी निघालेल्या पोरी गेल्या. पुढे लाइन मोठी झाली, गाडी थांबेनाशी झाली, तिकिटाच्या खिडकीत पारवे राहू लागले. सगळे लिहिले आहे. एक पान कोरे ठेवले होते, ते इथे लिहितो.

पावसाळ्यात आमच्याकडे रस्ता नसे. आजारी माणूस बारामतीला न्यायचा असला की रुळाकडेच्या बाभळीला धोतर बांधायचे आणि मी गाडी थांबवून धरायची, असा गावचा रिवाज. १९८४च्या श्रावणात सिनेमाला निघालेल्या टोळक्याने तसेच धोतर बांधून गाडी थांबवली. स्टेशनमास्तरांची बोलणी मी खाल्ली. आठच दिवसांनी पुन्हा धोतर दिसले. "बांधा लेकांनो," म्हणालो आणि हिरवा झेंडा दाखवला.

गाडी सुटली आणि माझा थोरला भाऊ सर्जेराव चिखल तुडवत आला. खांद्यावर त्याचा सहा वर्षांचा युवराज, पायाला साप चावलेला.

"मान्या, धोतर दिसलं न्हाय व्हय रं?"

"न्हाय दिसलं, आबा."

बैलगाडी अर्ध्या वाटेत असतानाच पोर गेले. गावाने मला बोल लावला, तेव्हा आबा माझ्या बाजूने भांडला. कुशावहिनी मात्र मरेपर्यंत माझ्या घरचे पाणी प्याली नाही.

आबा, मला धोतर दिसले होते.

४. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकील सांगतात. सर्जेरावने मात्र वाचूनच सही करावी. त्याच्या जागी दुसरा कोणी मी घेणार नाही, मग या कागदाची रद्दी झाली तरी चालेल. तोंडाने सांगायची हिंमत चाळीस वर्षांत झाली नाही, आता उसनी कुठून आणू?

ठिकाण : गोखळमाळ
दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

सही : मानसिंग ज्ञानदेव गावडे

साक्षीदार :

१. नीळकंठ वामन सोमण, निवृत्त शिक्षक (सही)

२. सर्जेराव ज्ञानदेव गावडे (सही)
वाचलं. सही सोनमच्या घरापुरती केली. माफी न्हाय. पर मान्या, इतक्यात मरू नगंस. मला लई इचारायचं हाय.