बाकी कॉपी तशीच

११ जानेवारी, रविवार
पुलापर्यंत जाऊन परत. मध्ये दोनदा चाललो. शरणप्पा एकदाही नाही. त्याचं पळणं म्हणजे चालण्यापेक्षा जरासं जास्त, पण थांबत नाही. डॉक्टरनं साखर सांगितल्यापासून रोज पहाटे माझ्या खिडकीखाली येऊन खोकतो, मग मी उतरतो. त्याच्या घरी सगळी टिंगल. मुलगा म्हणतो, अडतीवर बसायचं सोडून रस्त्यानं पोट हलवत काय फिरता.
आज पुलाच्या कठड्याला टेकून म्हणाला, "माधव, पुढल्या आइतवारी दौडीत पळायलोय ते पेपरात टाक की. माझं बी नाव घाल. सुनेला वाचून दाखवतो."
टाकतो म्हटलं. त्यात काय.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. डाव्या पोटरीत ओढ आहे, सुनंदाला बोललो नाही. ती म्हणेल, अहो, वय बघा, दौडीची बातमी द्या आणि घरी या.
हळदीकुंकवाच्या तीन बातम्या दुपारीच पाठवल्या, कार्यक्रम संध्याकाळी. सीमाभागाचं पान सोलापूरला सगळ्यात आधी सुटतं, पेपरच्या गाडीला आळंदपर्यंत यायचं असतं. झाल्यावर लिहायचं म्हटलं तर माझी एकही बातमी वेळेवर लागणार नाही. म्हणून आधी लिहायचं, नावांची जागा मोकळी ठेवायची, नंतर फोनवर भरायची. सगळे कार्यक्रम उत्साहात पार पडतात. आजवर एकही निरुत्साहात पडलेला नाही.

१७ जाने., शनिवार
तरुण मंडळाच्या उद्याच्या दौडीची कॉपी पाठवली. पहिल्या तिघांची जागा मोकळी. मग पन्नाशीपुढचे आणखी दोघे, नावांसकट. शेवटी: 'आमचे वार्ताहर माधवराव यांनीही दहा किलोमीटरचे अंतर यशस्वीपणे पूर्ण केले. अडत व्यापारी शरणप्पा यांनीही वयाची पर्वा न करता दौड पूर्ण केली.' लिहिताना हात अडखळला नाही. सवय.
पोटरीला तेल लावलं.

१८ जाने., रविवार
मोंढ्यातून, धान्यबाजाराच्या आवारातून सुटलो, शेवटही तिथंच. पोरं निघून गेली, मागं आम्ही पन्नाशीपुढचे चौघे-पाचजण. जाताना बरं होतं. पुलाजवळ मनगटावर शाईचा शिक्का मारतात, तो मारून वळलो. शरणप्पा समोरून येत होता, अजून पुलाकडे. हात वर केला त्यानं.
परतताना पोटरी धरली. चाललो. मग चालताही येईना, लिंबाखाली दगडावर बसलो. उमरग्याकडून तुरीचा टेंपो आला, ड्रायव्हर ओळखीचा. "बसा की साहेब, मोंढ्यातच जायलोय." बसलो. इथवर काही नाही. पाय गेला, माणूस टेंपोत बसतो.
टेंपो मागच्या फाटकानं आत गेला. मी उतरून पाण्याच्या टाकीकडे निघालो. छातीवर नंबर, मनगटावर शिक्का. मंडळाची एक मुलगी धावत आली, "सर, अभिनंदन," आणि गळ्यात पदक. टाळ्या. कुणीतरी फोटो काढला. तोंड उघडलं होतं मी, पण तेवढ्यात फोन वाजला. डेस्कवरून नितीन. पान सुटायला आलंय, नावं द्या. तीन नावं दिली, गावांसकट, एकेक अक्षर सांगून.
"बाकी कॉपी तशीच ना सर?"
"तशीच."
मग शरणप्पा आला. सगळ्यांत शेवटी, पुढच्या फाटकानं, पळत. मांडव सोडायला लागले होते. पाहुणे गाडीत. टाळ्या वाजवणारा मी एकटा. त्यानं माझ्या गळ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं.

१९ जाने., सोमवार
बातमी लागली. तीन कॉलम, फोटोसह. माझं वाक्य आहे. त्याच्यापुढं काही नाही. जागेसाठी शेवटचं वाक्य उडवलं, नेहमीसारखं. शेवटचं वाक्य उडतं हे मला नाही तर कुणाला माहीत असणार. मी स्वतःला त्याच्या आधी घातलं होतं.
चहाच्या टपरीवर दोघांनी पाठ थोपटली. "सर, या वयात." सुनंदानं पदक कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय.
पहाटे खिडकीखाली कुणी खोकलं नव्हतं. पाय दुखत असतील त्याचे, असं धरून चाललो.

२० जाने., मंगळवार
आजही नाही.
मंडळाचा अध्यक्ष महेश घरी आला. पन्नाशीपुढच्या धावपटूंचा सत्कार, रविवारी, मंडळाच्या हॉलमध्ये. शाल, फेटा, नारळ. तिघांचा आहे. शरणप्पाचं नाव नाही.
"तो पण पळाला की," मी म्हटलं.
"व्हय का? पेपरात न्हवतं की सर. आम्ही पेपर बघूनच यादी केलो."
घाला म्हटलं. बघतो म्हणाला. स्वतःबद्दल काही बोललो नाही. एका दमात अर्धंच बोलता आलं. महेश चहा पिऊन गेला तरी कप हातात धरून बसलो होतो.

२१ जाने., बुधवार
सुनंदाला सांगितलं. भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही.
"मला कामून सांगायलाव? मी काय पेपर काढते?"
थोड्या वेळानं उठली, खिळ्यावरचं पदक काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

२२ जाने., गुरुवार
नितीनला फोन केला. खुलासा छापायचाय, दौडीच्या बातमीत चूक आहे.
"कुणाची तक्रार आलीय?"
"माझीच."
हसला. "सर, तुम्ही पाच पावलं कमी पळालात म्हणून खुलासा टाकायचा? हसतील लोक. जागा मिळाली तर बघतो."
पाच पावलं नव्हती ती. लिंबापासून मोंढ्यापर्यंत सगळा रस्ता होता. हेही त्याला म्हटलं नाही. खुलासा लिहून पाठवला, तीन ओळी. इतकी वर्षं दुसऱ्यांचे खुलासे लिहून दिले, 'अनवधानाने' हा शब्द आपोआप येतो. खोडला. पुन्हा घातला. पुन्हा खोडून पाठवला.

२३ जाने., शुक्रवार
खुलासा लागला नाही.
संध्याकाळी शरणप्पाच्या अडतीवर गेलो. तुरीची आवक जोरात, पोत्यांतून वाट काढत जावं लागलं. गादीवर होता. सरकून जागा केली, चहा सांगितला. माझा बिनसाखरेचा नसतो, तरी दोन्ही बिनसाखरेचे सांगितले.
"टेंपोत बसलास ते काय न्हाई," तोच म्हणाला. "मी बी बसलो असतो. मेला तो माझ्यापाशी थांबलाच न्हाई."
मी हसलो. तो नाही.
"पेपरात कामून तसं आलं?"
"आदल्या दिवशीच लिहून पाठवलं होतं. तशीच रीत आहे आमची."
"मग माझं बी आदल्या दिवशीच लिहिला असशील की."
"लिहिलं होतं. जागा नव्हती, डेस्कनं काढलं."
"तुझ्यापुरती होती व्हय."
समोर हमाल थप्पी लावत होते. त्यांच्याकडेच बघत बोलत होता. "सून वाचली पेपर. दोनदा वाचली. मला म्हणती, मामा, तुम्ही पळालाव का नुस्तं बघायला गेलताव? पोरगा हसायलाय. मी म्हटलं, माधवला विचारा. त्यो होता."
मी म्हटलं, चल, आत्ता घरी येऊन सांगतो.
"घरी नको. घरात सांगून काय. पेपर समद्या गावानं वाचलाय."
उठताना महेशचं विचारलं. सांगावा आला होता म्हणाला, चौथी शाल आणायला लावली म्हणून. "मला शाल नको. पण येतो. पहिल्या रांगेत बसतो. सुनेला घेऊन."
हे धमकीसारखं म्हणाला नाही. लग्नाला येतो म्हणावं तसं म्हणाला.

२४ जाने., शनिवार
पहाटे जाग आली. खिडकीखाली कुणी नव्हतं. तरी बूट घालून निघालो. पोटरी अजून धरते, लिंबापर्यंतच गेलो. दगड तिथंच. बसलो नाही.
दुपारी महेशचा फोन. "सर, उद्याची बातमी आजच सोडा. झाल्यावर दिली तर सोमवारी लागायची न्हाई, कोण थांबतं? पाहुण्यांची नावं व्हॉट्सॅपवर टाकलोय. दोन शब्द तुम्हीच बोलायचंय, आमचा मान राखा."
बसलो लिहायला. 'येथील तरुण मंडळाच्या वतीने ज्येष्ठ धावपटूंचा सत्कार उत्साहात पार पडला.' इथपर्यंत हात चालला. पुढं 'सत्काराला उत्तर देताना माधवराव म्हणाले की' लिहिलं आणि थांबलो. ह्या ठिकाणी मी नेहमी काहीतरी भरतो. सगळ्यांच्या तोंडी भरतो, आमदारांच्यासुद्धा, आणि त्यांना ते आवडतं.
सुनंदा विचारून गेली, उद्या कोणता सदरा. पांढरा म्हटलं. पदक खिशात ठेवलंय, सदऱ्याच्या नाही, पिशवीच्या. तिथून काढून हॉलमध्ये कुणाच्या हातात देणार, माहीत नाही. महेशच्या, की शरणप्पाच्या.
पाचला नितीन.
"सर, सत्काराची कॉपी? सोमवारच्या सीमाभागाला तेवढीच वाट बघतोय."
"नाही पाठवली."
"का? तब्येत?"
"अजून झालेलं नाही ते."
"सर, झालेलं कधी असतं?"
उद्या देतो म्हटलं. उद्या पान सुटून जाईल म्हणाला. सुटू दे म्हटलं.
लिहिलेल्या दोन ओळी खोडल्या. बाकी कागद तसाच कोरा टेबलावर आहे.