मोठं दुकान, छोटं दुकान आणि हिरवा ठिपका

३ जून. दुपार.
ठरलं. यापुढे कॉम्प्युटर गेम घेताना पूर्ण अभ्यास करूनच घ्यायचा. ऑनलाइन दुकानं दोन. मोठ्यात हजारो गेम, कायम सेल, पण गेम राहतो त्यांच्याकडे, आपण आपल्या खात्यातून आत शिरून खेळायचं. छोटं दुकान एकटा माणूस चालवतो. थोडं महाग, पण पैसे दिले की फाइल आपली. थंड डोक्याने तुलना करणार. भावनेचा प्रश्नच नाही.

४ जून. जेवणाची सुट्टी.
दातांच्या लॅबमध्ये कवळीचं प्लास्टर सुकत होतं, तेवढ्यात मोठं दुकान उघडलं. मित्रांच्या यादीत दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे दादा ऑनलाइन.
दादाला जाऊन आठ महिने झाले.
सर्व्हरचा घोळ असणार. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हात गार पडले, पण ते एसीमुळे.

५ जून.
परत हिरवा. त्याच वेळेला. दुपारी कवळीत एक दात उलटा बसवला, डॉक्टर वाट्टेल ते बोलले. दादाचं जुनं चॅट उघडलं. शेवटचा मेसेज : ‘थांब, आलोच.’ लगेच बंद केलं. मोठ्या दुकानाची व्यवस्था ढिसाळ, अशी नोंद केली.

७ जून.
आपण ऑनलाइन असूनही न दिसण्याची सोय आहे. बटण दाबलं. लगेच परत बंद केलं. थोरल्या भावापासून लपणं बरं दिसत नाही.

८ जून.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दादांचा कॉम्प्युटर वहिनींकडेच आहे, त्यांना एक फोन कर. म्हटलं, वहिनींना साधा मेल उघडता येत नाही, त्या कसल्या गेम खेळतात! शिवाय त्या दुःखात आहेत, कशाला त्रास द्यायचा. बायको म्हणाली, आठ महिन्यांत एकदाही दिलेला नाहीस. तिला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.
फोन उद्या करणार होतोच.

१० जून.
फोन राहिला. काम फार.
सकाळपासून लॅबमध्ये पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं. सुट्टीत दुकान उघडलं. हिरवा. मी काही लिहिलं नाही, त्यानेही नाही. डबा संपेपर्यंत दोघं नुसते बसून होतो. भीती वाटली. बरंही वाटलं. हे फक्त निरीक्षण.

११ जून.
छोट्या दुकानदाराला विचारलं, तुमच्याकडे मित्रांची यादी असते का? त्याचं स्वतःचं उत्तर आलं : नाही साहेब, इथे कोणी कोणाला दिसत नाही, निवांत खेळा. निकाल लागला. छोट्या व्यापाऱ्याला हात दिलाच पाहिजे.

१२ जून.
मोठ्या दुकानातलं खातं कायमचं बंद केलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, खात्री आहे का? मी ठामपणे हो म्हटलं. चॅटही पुसलं जाईल, असं बारीक अक्षरात होतं. ते वाचलं होतं. म्हणजे, नंतर वाचलं.
छोट्या दुकानातून दादाचा आवडता गेम घेतला. तो दोघांनी खेळायचा असतो.

१३ जून. संध्याकाळ.
वहिनींचा फोन. भावजी, बरे आहात ना? आज जेवताना तुमचं नाव दिसलं नाही.
मग त्यांनी सगळं सांगितलं. दादाचा कॉम्प्युटर पुसताना बटण दाबलं गेलं, तर दुकान आपोआप उघडलं आणि माझं नाव हिरवं दिसलं. तेव्हापासून दुपारचं ताट घेऊन त्या तिथेच बसतात. कोणाची तरी सोबत असते, म्हणाल्या. मला वाटलं, इकडे मीच आहे हे तुम्हाला माहीत असेल.
मी म्हटलं, हो, माहीत होतं.
बायको समोरच होती. ती उठून आत गेली.

१५ जून. रविवार.
मोठ्या दुकानाचं उत्तर : बंद केलेलं खातं परत मिळत नाही. मेसेजही नाहीत. दादाने लिहिलेलं आता माझ्याकडे काहीच उरलं नाही.
नवीन खातं उघडलं. दादाच्या नावाला मैत्रीची विनंती पाठवली आणि कुठे दाबायचं ते वहिनींना फोनवर सांगत बसलो. त्यांनी दोनदा चुकून नकार दिला. शेवटी एकदाचं जमलं. यादीत एकच नाव, हिरवं.
वहिनींना म्हटलं, मोठ्या दुकानात सेल असतात, म्हणून परत आलो.
त्यांनी विचारलं, मग काय घेतलंत?
म्हटलं, काही नाही.
हो का, म्हणाल्या. फोन मात्र ठेवला नाही. मीही नाही.