दुसऱ्या खोलीतले चोवीस

३ मार्च
टाके चिघळलेला आणखी एक पेशंट. ड्रेसिंग उघडलं आणि तो वास नाकात बसला तो बसलाच. जेवण गेलं नाही. त्याहून किळस आली ती मोठ्या डॉक्टरांची. अख्ख्या वॉर्डासमोर संध्याकाळच्या पाळीच्या मावशींना म्हणाले, "तुमच्या घाणेरड्या हातांनी माणसं सडतायत." फरशी पुसणारी बाई ती. टाक्यांना तिचा हात लागतो तरी कधी?

४ मार्च
मावशींना काढून टाकलं. अकरा वर्षांची नोकरी. जाताना एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला तरी पटतं का?" मी ड्रेसिंगचा ट्रे उचलून आत गेले. शी!

७ मार्च
ऑपरेशनचं गेल्या तीन महिन्यांचं रजिस्टर घेऊन बसले. दोनशे ऑपरेशनं, तीस चिघळली. सकाळच्या एकशेवीसांत सतरा, संध्याकाळच्या ऐंशीत तेरा. म्हणजे संध्याकाळचं प्रमाण खरंच जास्त.
नणंद कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिला फोन केला. "काय-स्क्वेअर टेस्ट लाव, वहिनी."
"काय?"
"हो, तेच. काय."
पुस्तक उघडलं — चौकटी, अपूर्णांक, कुठलंसं ग्रीक अक्षर. शिसारी येऊन मिटलं.

९ मार्च
नणंद स्वतःच आली. पाठकोरा कागद ओढला. "समज, वेळेचा काही संबंधच नाही. दोनशेत तीस, तर एकशेवीसांत किती यायला हवेत?" अठरा. "ऐंशीत?" बारा. "आले किती?" सतरा आणि तेरा. फरक फक्त एकाचा. त्या फरकाचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचं. बऱ्या झालेल्यांचंही तसंच. चारही उत्तरांची बेरीज — ०.१६. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे ती ३.८४च्या वर गेली तरच संशय घ्यायचा. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. आणि यावर एका बाईच्या पोटावर पाय दिला.

१० मार्च
तेच रजिस्टर खोलीप्रमाणे मांडलं. ऑपरेशनच्या दोन खोल्या, प्रत्येकीत शंभर पेशंट. पंधरा-पंधरा यायला हवे होते. पहिलीत सहा. दुसरीत चोवीस. काय-स्क्वेअर १२.७. दोनदा करून पाहिलं.
दुसरी खोली मोठ्या डॉक्टरांची. मनात म्हटलं, सापडलात.
नणंद म्हणाली, "थांब वहिनी. आकडा एवढंच सांगतो की हा योगायोग दिसत नाही. कशामुळे झालं, ते तुलाच शोधावं लागेल."

१२ मार्च
दुसऱ्या खोलीची हत्यारं ज्या यंत्रात वाफेवर निर्जंतुक करतात, त्याची वही काढली. वाफ पुरेशी लागली की तपासणीची पट्टी काळी पडते. तीन महिन्यांच्या पट्ट्या फिक्या. प्रत्येकीखाली 'तपासले'. सही माझी — घाईत, न बघता मारलेली.
वही मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मग मावशींच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दार लावलं.